बिबट्याच्या विष्ठेत झाकणाचं अंडं दिसलं, पुढे काय?

मांसाहारी वन्यप्राण्यांतले पर्णकृमी ओळखायला शिकणाऱ्यांसाठी

दर पावसाळ्यानंतर माझ्या फोनवर एक ठरावीक फोटो येतो. मायक्रोस्कोपच्या भिंगाला मोबाइल टेकवून काढलेला, कडा काळ्या, मधोमध तपकिरी लांबट गोल अंडं आणि एका टोकाला झाकण. खाली प्रश्न, ‘मॅडम, बिबट्याच्या विष्ठेत सापडलं. लंग फ्लूकच ना?’ पाठवणारा विद्यार्थी कधी पशुवैद्यकाचा असतो, कधी प्राणिशास्त्राचा, कधी जंगलात नुकताच काम करू लागलेला. बहुतेक वेळा ते लंग फ्लूकचं, म्हणजे फुप्फुसात राहणाऱ्या पर्णकृमीचं, अंडं नसतं. असलं, तरी एका फोटोवरून ते सांगता येत नाही. फोनवर तेच ते सांगण्यापेक्षा सगळं एकदा क्रमाने लिहून ठेवते.

पर्णकृमी किंवा फ्लूक म्हणजे पानासारखे चपटे कृमी. शेळीची कलेजी चिरताना पित्तनळीतून बाहेर येणारं करडं पान तुमच्यापैकी कुणीतरी पाहिलं असेल, तो यांच्यातलाच. अंगाला चिकटून राहण्यासाठी दोन चूषक, आतड्याच्या दोन बंद फांद्या, गुदद्वार नाही. रक्तवाहिन्यांत राहणारे शिस्टोसोम सोडले, तर नर-मादी एकाच शरीरात. या सगळ्यांचं आयुष्य कुठल्या ना कुठल्या गोगलगायीतून जातं. बहुतेकांना त्यानंतर आणखी एक प्राणी लागतो, म्हणजे खेकडा, मासा, बेडूक किंवा पाल. मांसाहारी प्राण्याला कृमी मिळतो तो या दुसऱ्या प्राण्याला खाल्ल्यावर. म्हणून अंडं बघायच्या आधी त्या प्राण्याचं जेवण काय, हे माहीत असायला हवं.

सह्याद्रीत खेकडे कोण खातं? उदमांजर, मुंगूस, रानमांजर, कोल्हा, पाणमांजर आणि मिळाला तर बिबट्याही. विष्ठेत कवचाचे तांबूस तुकडे दिसले की माझं लक्ष लगेच फुप्फुसातल्या पर्णकृमीकडे जातं. त्याचं नाव पॅरागोनिमस. या लेखात मी त्याच्यावरच जास्त बोलणार आहे, कारण आपल्या मोठ्या मार्जारकुळातल्या प्राण्यांशी त्याचं नातं जुनं आहे. १८७८ साली कर्बर्ट या डच शास्त्रज्ञाने त्याचं पहिलं वर्णन केलं, ते अॅमस्टरडॅम आणि हॅम्बुर्गच्या प्राणिसंग्रहालयांत मेलेल्या वाघांच्या फुप्फुसांतून. अॅमस्टरडॅमच्या प्राणिसंग्रहालयाचे संचालक वेस्टरमन यांच्यावरून त्याला पॅरागोनिमस वेस्टरमानी हे नाव मिळालं. पुढच्याच वर्षी तैवानमध्ये एका माणसाच्या फुप्फुसात हा कृमी सापडला.

वाघ काही रोज ओढ्यात खेकडे शोधत बसत नाही, मग त्याच्या फुप्फुसात हा पोचतो कसा? रानडुक्कर खेकडा खातं. डुकराच्या अंगात हा कृमी सहसा मोठा होत नाही, पिल्लू अवस्थेत स्नायूंमध्ये तसाच थांबून राहतो. ते डुक्कर वाघाने खाल्लं की त्याचा पुढचा प्रवास सुरू होतो. जपानमध्ये रानडुकराचं कच्चं मांस खाणाऱ्या माणसांना याच वाटेने हा आजार झाला आहे. त्यामुळे विष्ठेत खेकड्याचं कवच नाही म्हणून पॅरागोनिमस नाही, असा निष्कर्ष काढू नका.

आधी परवानगी, मग हातमोजे

संरक्षित क्षेत्रातून विष्ठा उचलायलाही वनविभागाची लेखी परवानगी लागते. मेलेल्या प्राण्याच्या बाबतीत तर प्रश्नच नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली शवाला परस्पर हात लावता येत नाही, शवविच्छेदन अधिकृत पशुवैद्यकच करतात. वाघाचं शव शवविच्छेदनानंतर जाळलं जातं, म्हणजे वेळ मोजकाच मिळतो. तुम्हाला फुप्फुस, यकृत आणि आतडं बघायचं असेल, तर तशी विनंती आधीच देऊन ठेवा. प्राणी मेल्यावर धावपळीत ते जमत नाही.

सुरक्षेबद्दल मी कठोर आहे. कोल्हा, लांडगा, कुत्रा यांच्या विष्ठेत इकायनोकॉकस या फीतकृमीची अंडी असू शकतात आणि माणसाच्या यकृतात त्यांच्या मोठ्या गाठी होतात. ही अंडी फॉर्मलिनने किंवा अल्कोहोलने मरतात, हा समज चुकीचा आणि धोकादायक आहे. घरच्या फ्रिजच्या बर्फकप्प्यातही ती मरत नाहीत. प्रयोगशाळेत उणे ८० अंशांचा फ्रीझर असेल तर नमुना काही दिवस त्यात ठेवून मगच उघडा. नसेल तर हातमोजे, मास्क आणि ओल्या नमुन्यावरच काम. वाळलेली विष्ठा बोटांनी चुरडायची नाही. शवविच्छेदनाच्या टेबलाजवळ जाणार असाल, तर रेबीजची लस आधी घेतलेली हवी.

नमुना

ताजी, ओलसर विष्ठा घ्या. जमिनीला टेकलेला भाग सोडा, त्यात मातीतले मोकळे राहणारे सूत्रकृमी घुसलेले असतात आणि नवख्याचा दिवस खातात. मधला गाभा घ्या. एकाच ढिगाचे तीन भाग करा: पहिला तसाच थंड डब्यात, दुसरा १० टक्के फॉर्मलिनमध्ये, तिसरा ९५ टक्के इथेनॉलमध्ये. फॉर्मलिनमधल्या भागातून पुढे डीएनए नीट मिळत नाही, म्हणून तिसरा भाग विसरू नका. विष्ठेतले केस, हाडं, खवले, कवच हे सगळं वेगळ्या पाकिटात ठेवा. ते का, ते पुढे येईल.

विष्ठा नक्की कुणाची? बिबट्याची आणि मोठ्या कुत्र्याची विष्ठा दिसण्यावरून चुकते. आकार, ठसे, जागा यावरून अंदाज बांधा, पण नोंदीत ‘अंदाजे बिबट्या’ असंच लिहा. खात्री इथेनॉलमधल्या भागाच्या डीएनएवरून होईल.

तरंगवू नका, गाळ बसवा

कॉलेजात आपण कृमींची अंडी मिठाच्या किंवा साखरेच्या दाट पाण्यावर तरंगवायला शिकतो. पर्णकृमींना ती पद्धत चालत नाही. त्यांची अंडी जड असतात, तळाशीच राहतात, आणि दाट द्रावात झाकण उघडून अंडं आत दबतं. तरंगवून ‘नकारात्मक’ आलेल्या कितीतरी नमुन्यांत गाळात अंडी होती.

साधी पद्धत अशी. तीन ते पाच ग्रॅम विष्ठा थंड सलाइनमध्ये, म्हणजे ०.८५ टक्के मिठाच्या पाण्यात, नीट कालवा. चहाच्या गाळणीतून आणि मग दुहेरी गॉजमधून गाळा. बिबट्याच्या विष्ठेत केसांचा बोळा असतो, तो गाळणीतच धुऊन घ्या, कारण अंडी केसांना चिकटून राहतात. गाळलेलं पाणी निमुळत्या तळाच्या उंच ग्लासात घेऊन दहा मिनिटं शांत ठेवा. वरचं पाणी हळूच ओता, पुन्हा सलाइन भरा. पाणी नितळ दिसेपर्यंत हे चार-पाच वेळा करा. शेवटी उरलेल्या साक्यात मिथिलीन ब्लूचे एक-दोन थेंब टाका आणि सगळा साका, थेंब थेंब करत, मायक्रोस्कोपच्या कमी ताकदीच्या भिंगाखाली बघा. फक्त एक स्लाइड बघून थांबू नका. पॅरागोनिमसची अंडी फुप्फुसातून खोकल्याबरोबर घशात येतात आणि गिळली जाऊन विष्ठेत उतरतात. म्हणून ती थोडी असतात आणि रोज सापडतीलच असं नाही. पिंजऱ्यातला प्राणी असेल तर दिवसाआड तीन नमुने घ्या.

मिथिलीन ब्लू का? निळ्या पार्श्वभूमीवर विष्ठेतला कचरा निळा होतो आणि पर्णकृमींची पिवळी, तपकिरी अंडी आपला रंग धरून राहतात. डोळ्याला विश्रांती मिळते. आणि साध्या पाण्याऐवजी सलाइन अशासाठी, की शिस्टोसोमचं अंडं साध्या पाण्यात फुटून आतली अळी पोहत निघून जाते. तुम्हाला रिकामं कवच तेवढं दिसतं.

माप घेतल्याशिवाय नाव घ्यायचं नाही

नेत्रिकेतली, म्हणजे डोळा लावायच्या भिंगातली, मोजपट्टी तुमच्या मायक्रोस्कोपच्या प्रत्येक भिंगासाठी स्वतंत्र जुळवून घ्यावी लागते. त्यासाठी स्टेज मायक्रोमीटर मिळतो, एका मिलिमीटरचे शंभर भाग, प्रत्येक भाग दहा मायक्रॉनचा. एकदा जुळवून आकडे मायक्रोस्कोपवर चिकटवून ठेवा. निदान दहा अंडी मोजा, सापडली नाहीत तर जितकी सापडली तितकी, आणि नोंदीत संख्या लिहा.

आता खरं काम. झाकणाचं अंडं दिसलं की माझ्या डोक्यात ज्या क्रमाने प्रश्न येतात, त्याच क्रमाने सांगते.

पहिला प्रश्न: हे फीतकृमीचं तर नाही? मार्जारकुळातल्या प्राण्यांत स्पायरोमेट्रा नावाचा फीतकृमी वारंवार आढळतो, आणि फीतकृमी असूनही त्याच्या अंड्याला झाकण असतं. मला येणाऱ्या फोटोंपैकी सगळ्यात जास्त फोटो याचेच. लांबी साधारण ६० ते ७० मायक्रॉन, रुंदी ३५ ते ४०. दोन्ही टोकं निमुळती, एक बाजू दुसरीपेक्षा जास्त फुगीर, रंग फिका. पॅरागोनिमसचं अंडं याहून मोठं, ८० ते १२० मायक्रॉन लांब आणि ४५ ते ६५ रुंद. रंग काकवीसारखा, सोनेरी तपकिरी. झाकणाकडची बाजू रुंद, झाकण चपटं, आणि ते टेकतं तिथे कवचाला छोटे खांदे असतात, मडक्याच्या काठावर झाकण बसतं तसे. विरुद्ध टोकाला कवच जाड झालेलं दिसतं. फोकस हळूहळू वर-खाली करा, तो जाडपणा तेव्हाच कळतो. आत अळी तयार झालेली नसते, नुसत्या पीतक (बलकाच्या) पेशींचे गोळे असतात.

दुसरा प्रश्न: हे अंडं या प्राण्याचं आहे, की त्याने खाल्लेल्या प्राण्याचं? इथे मी स्वतः चुकले आहे, म्हणून सविस्तर सांगते. संशोधनाच्या दुसऱ्या वर्षी उसाच्या पट्ट्यातल्या बिबट्याच्या विष्ठेत मला मोठी, पिवळी, पातळ कवचाची अंडी मिळाली, दीडशे मायक्रॉनच्या पुढची. फॅसिओला, म्हणजे यकृतातला पर्णकृमी, मोजमाप अगदी बरोबर. मी वहीत ‘बिबट्यात लिव्हर फ्लूक’ असं लिहिलं आणि सरांकडे नेलं. त्यांनी वही बघितलीच नाही. म्हणाले, ‘केसांचं पाकीट कुठंय?’ पाकिटातला एक केस त्यांनी भिंगाखाली ठेवला. शेळीचा होता. बिबट्याने शेळी खाल्ली, शेळीच्या कलेजीत फॅसिओला होता, त्याची अंडी बिबट्याच्या आतड्यातून जशीच्या तशी बाहेर आली. बिबट्याला काहीही झालेलं नव्हतं. ते पान मी फाडलं नाही, त्यावर दुरुस्ती लिहून ठेवली आहे.

गाय, म्हैस, शेळी, हरीण खाणाऱ्या कुठल्याही प्राण्याच्या विष्ठेत फॅसिओला आणि अॅम्फिस्टोम (गुरांच्या पोटातले पर्णकृमी) अशी पाहुणी अंडी येऊ शकतात. फॅसिओला जायगँटिका दीडशे मायक्रॉनच्या वर, पिवळं. अॅम्फिस्टोमचं अंडंही मोठंच, पण बिनरंगी, काचेसारखं, आतल्या पेशी स्वच्छ दिसणारं. मिथिलीन ब्लूमुळे दोन्हींतला फरक एका नजरेत कळतो. पिंजऱ्यातल्या प्राण्यात शंका असेल तर काही दिवस फक्त कोंबडी द्या आणि पुन्हा तपासा. पाहुणी अंडी थांबतात, प्राण्याच्या स्वतःच्या कृमींची येत राहतात. रानातल्या प्राण्यात हे करता येत नाही, तिथे केसांचं पाकीट आणि वेगवेगळ्या दिवसांचे नमुने हाच आधार.

तिसरा प्रश्न आकाराचा. शंभर मायक्रॉनच्या आसपासचं, पण खांदे नसलेलं, फिकट पिवळं अंडं असेल तर अलारिया किंवा फॅरिंगोस्टोमम या पर्णकृमींचा विचार करा. हे बेडकांवाटे येतात आणि लहान आतड्यात राहतात. अंड्यावरून त्यांना एकमेकांपासून वेगळं करायचा प्रयत्न करू नका, ते कृमी हातात आल्यावरच जमतं. ३५ ते ५० मायक्रॉनचं लहान, गडद तपकिरी अंडं आणि आत तयार अळी, हा प्लॅटिनोसोमम असू शकतो. मांजरांच्या पित्तनळ्यांत राहतो आणि पाल खाल्ल्याने मिळतो. गावाजवळच्या रानमांजरांत हे लक्षात ठेवा. त्याहून लहान, तीसेक मायक्रॉनची अंडी माशांवाटे येणाऱ्या गटांची असतात, पाणमांजराच्या विष्ठेत ती शोधा. झाकण नाही आणि कडेला काटा आहे, तर शिस्टोसोम. भारतात डुकरांत आणि कुत्र्यांत आढळणारा शिस्टोसोमा इनकॉग्निटम त्यातलाच, पण डुकराचे केस सापडले तर दुसरा प्रश्न पुन्हा विचारा.

परागकण, वनस्पतींच्या पेशी, हवेचे बुडबुडे, गोचिडींच्या जातभाई माइट्सची अंडी, हे सगळं सुरुवातीला कृमीच वाटतं. कव्हरस्लिपला सुईने हलका धक्का द्या, अंडं गडगडू द्या. सगळ्या बाजूंनी आकार तसाच राहतो का ते बघा.

कृमीच हातात आला तर

शवविच्छेदनात फुप्फुसं नुसती बघू नका, बोटांनी दाबत दाबत चाचपा. मागच्या खंडांत, पृष्ठभागाजवळ, एक ते तीन सेंटिमीटरची घट्ट, तांबूस तपकिरी गाठ लागते. मी पहिल्यांदा अशी गाठ उघडली ती एका रानमांजराची, रस्त्यावर गाडीखाली आलेल्या. कात्रीचं टोक आत गेलं आणि गंजाच्या रंगाचं दाट पाणी आलं. त्या पाण्यातच हजारो अंडी असतात, ते पुसून टाकू नका, एका बाटलीत घ्या. आत भिंतीला टेकून दोन कृमी होते, शेजारी शेजारी. पॅरागोनिमस बहुधा असे जोडीनेच राहतात. पानासारखे नव्हते, कॉफीच्या बीसारखे फुगीर, सेंटिमीटरभर लांब, तांबूस, आणि अजून हळूहळू आकसत होते.

फुप्फुसांनंतर छातीची आणि पोटाची पोकळी, डायफ्रॅम (त्या दोन्हींमधला पडदा), कारण आतड्यातून फुप्फुसाकडे जाणारी पिल्लं याच वाटेने जातात. मग पित्ताशय आणि पित्तनळ्या पाण्याखाली धरून कात्रीने उघडा. लहान आतड्याचे तुकडे करून, लांबीत चिरून, धुऊन, त्याचाही साका बघा. तिथले पर्णकृमी बहुधा काही मिलिमीटरचेच असतात, नुसत्या डोळ्यांना ते सहज दिसत नाहीत.

जिवंत कृमी सलाइनमध्ये थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवा म्हणजे सैल पडतो. थेट अल्कोहोलमध्ये टाकला तर गोळा होतो आणि मग काहीच वाचता येत नाही. एक कृमी डीएनएसाठी तसाच ९५ टक्के इथेनॉलमध्ये. बाकीचे कृमी दोन स्लाइडच्या मध्ये हलके दाबून फिक्स करा, म्हणजे आकार टिकेल असे पक्के करा, कार्माइनमध्ये रंगवा, आम्ल-अल्कोहोलने जादा रंग उतरवा, चढत्या अल्कोहोलमधून नेऊन लवंगतेलात पारदर्शक करा आणि डीपीएक्समध्ये, म्हणजे स्लाइड कायम टिकवणाऱ्या चिकट द्रावात, बसवा. रंग उतरवताना घाई करू नका. अंग फिकं आणि अवयव गुलाबी, इथपर्यंत थांबावं लागतं, आणि त्याला कधी तास लागतात.

तयार स्लाइडवर पॅरागोनिमसमध्ये चार गोष्टी बघायच्या. दोन्ही चूषकांचे आकार मोजा. वेस्टरमानीत ते जवळपास सारखे, हेटरोट्रेमस या पॅरागोनिमसच्याच दुसऱ्या प्रजातीत तोंडाकडचा चूषक पोटावरच्यापेक्षा ठळक मोठा. पोटावरच्या चूषकामागे एका बाजूला फांद्या असलेलं अंडाशय, विरुद्ध बाजूला गर्भाशयाचा गुंडाळा. मागच्या तिसऱ्या भागात दोन वृषणं, शेजारी शेजारी. आणि त्वचेवरचे काटे एकेकटे आहेत की झुपक्यांत. काटे शिळ्या शवात गळून पडतात, म्हणून ‘काटे नाहीत’ असं लिहिण्याआधी शव किती तासांचं होतं ते लिहा.

एवढं करूनही प्रजातीचं नाव पक्कं होईलच असं नाही. वेस्टरमानी या एका नावाखाली अनेक जनुकीय वंश आहेत आणि भारतातले नमुने पूर्व आशियातल्यांपासून वेगळे पडतात. त्यासाठी आयटीएस-२ आणि सीओ-१ हे डीएनएचे भाग वाचतात. नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचं गोरेवाड्याचं वन्यजीव केंद्र किंवा कुठल्याही पशुवैद्यक महाविद्यालयाचा परोपजीवीशास्त्र विभाग, यांच्याशी आधी बोला, मग नमुना पाठवा.

नोंद आणि लेबल

फक्त अंडी मिळाली असतील तर ‘पॅरागोनिमस प्रजाती, विष्ठेतील अंड्यांवरून’ इतकंच लिहा. कृमी, मोजमापं आणि डीएनए जुळले तरच पुढचं नाव. पाहुण्या अंड्यांचीही नोंद ठेवा, पण ‘भक्ष्यातून आलेली’ म्हणून.

एखाद्या ओढ्याकाठी पॅरागोनिमस नक्की झाला, तर जवळच्या आरोग्य केंद्राला कळवा. रानमांजर ज्या ओढ्यात खेकडे धरतं, त्याच ओढ्यात पहिल्या पावसानंतर कोकणातली आणि घाटावरची माणसंही बॅटरी घेऊन खेकडे धरतात, आणि पोरं ते तिथेच निखाऱ्यावर अर्धेकच्चे भाजून खातात. मणिपूरमध्ये हेटरोट्रेमसमुळे होणारा हा आजार माणसांत पसरलेला आहे. खोकल्यातून रक्त येतं म्हणून तिथे कित्येकांना क्षयाची औषधं दिली गेली होती. पूर्ण शिजवलेल्या खेकड्यातून हा कृमी येत नाही. चिरताना वापरलेली पाटी-विळी मात्र लगेच धुवा.

लेबल पेन्सिलीने लिहा आणि कागदाची चिठ्ठी बाटलीच्या आत टाका. प्राणी, अवयव, ठिकाण, तारीख, कशात ठेवलं, कुणी गोळा केलं. बाटलीवर पेनने लिहिलेलं अल्कोहोलच्या एका थेंबाने पुसलं जातं.